शूटिंगवाल्या गल्लीतली हाक

दार लोटून घ्या रे, आणि ते मोबाइल पालथे ठेवा. खुशालरावाची गोष्ट सांगतो. अमरावतीचा फुलवाला, माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला माणूस. त्याला थापा मारता येत नाहीत. आल्या असत्या तर धंदा वाढला असता.

गेल्या जानेवारीतला दुसरा शनिवार. मुलगा शिवम पुण्याला निघाला होता. त्याला बडनेऱ्याला गाडीत बसवून खुशालराव स्कूटरवर परत आला. थंडी अशी, की कानटोपीतही कान ठणकत होते. बाराच्या सुमारास गल्लीच्या तोंडाशी पोचला, तर आत लख्ख उजेड.

"आले बाप्पा पुन्हा," तो पुटपुटला.

त्या गल्लीतल्या सागवानी माड्या सीरियलवाल्यांच्या डोळ्यांत भरल्या होत्या. पहिल्यांदा शूटिंग आलं तेव्हा बायकांनी हिरॉइनसाठी चकल्या तळल्या. पुढे पुढे कोणी खिडकीही उघडेना. 'सायलेन्स' म्हटलं की नळ बंद, कुकर बंद, खोकलासुद्धा तोंडात दाबायचा. हिरॉइन तेच ते रडणं पहाटेपर्यंत रडायची आणि लोक खुशाल घोरायचे. सवय, दुसरं काय! दारोदार फिरून लोकांना गप्प करायचं काम खुशालरावाकडे होतं, आणि त्याला त्यात मोठेपणा वाटायचा. समोरच्या मनकर्णाबाईला तर त्याने चांगलंच दटावलं होतं, "काकू, शूटिंग चालू असली का तोंडातून आवाज नाही काढाचा!" म्हातारी एकटी राहायची. लेक माधवी अकोल्याला दिलेली.

त्याआधीच्या हिवाळ्यात एका रात्री हाक आली होती. "या हो कोणी... कोणी या हो..."

खुशालरावाची बायको सुभद्रा उठून बसली. "पाहा ना जरा. मनकर्णाकाकूचा आवाज वाटते."

"शूटिंग हाय वं. झोप."

त्याने गोधडी डोक्यावरून ओढली. शूटिंगवाले तर त्या संध्याकाळीच सामान भरून गेले होते. त्याला ते माहीत होतं. पण उबेतून उठायचं जिवावर आलं.

सकाळी दूधवाल्याला दार उघडं दिसलं, आणि आत खाटेवर म्हातारी... गेलेली. अकोल्याहून माधवी आली. तिने एकच विचारलं, "काका, मायनं कोनाले आवाज नाही देला का?"

"नाही व पोरी. आमाले काहीच आयकू नाही आलं."

माधवीने घराला कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन ती अकोल्याला गेली. इकडे खुशालराव आतल्या आत झुरत राहिला. ते खोटं त्याच्याने गिळवेना आणि थुंकवेना. वर्षभर त्याने समोरच्या घराकडे मान वर करून पाहिलं नाही.

आणि आता हा उजेड.

तो थोडा पुढे गेला. जनरेटरचा आवाज नाही. गाड्या नाहीत. एक माणूस नाही. दिवासुद्धा कुठे दिसेना... नुसता उजेड. आणि मनकर्णाबाईचं दार...

उघडं.

त्याने स्कूटर बंद केली.

"या हो कोणी..."

गल्लीतली एकही खिडकी उघडली नाही. त्याच्याही मनात आलं, शूटिंग असेल. आणि लगेच स्वतःची अशी लाज वाटली, की भीती मागे पडली.

"आलो, काकू! येऊन रायलो!"

तो धावत आत शिरला. खाटेपाशी गेल्यावर ध्यानात आलं, चपला पायातच. घाईघाईने काढल्या. वाकून पाहिलं.

म्हातारी उताणी पडलेली. डोळे उघडे. स्वतःच्या हाताने स्वतःचं तोंड दाबून धरलेलं... घट्ट.

"काकू..."

हात जरासा सरकला.

"शूटिंग... संपली का, खुशाल?"



तिने हात पुन्हा तोंडावर ठेवला.

उजेड गेला.

तो घरी कसा पोचला, त्याला सांगता येत नाही. सुभद्रेने दार उघडलं तेव्हा तो अनवाणी होता आणि लहान पोरासारखा रडत होता.

सकाळी पाहिलं तर समोरच्या दाराला कुलूप. गंजलेलं. त्याने माधवीला फोन केला, "एक डाव येऊन जाय, पोरी." दुपारच्या बसने ती आली. तिने कुलपाला किल्ली लावली, तेव्हा सगळ्या गल्लीदेखत खुशालराव म्हणाला, "मी खोटं बोललो होतो. तुह्या मायनं हाका मारल्या. मी आयकल्या... आन् झोपून रायलो."

माधवीने त्याच्याकडे पाहिलं नाही. किल्ली फिरवली.

आत जमिनीवर वर्षाची धूळ, पावलाचा एक ठसा नाही. आणि खाटेजवळ चपला.

"ह्या कोनाच्या?"

"माह्या. काल राती..."

माधवीने वाकून एक चप्पल उचलली. काल संध्याकाळी खुशालराव तीच घालून बडनेऱ्याला गेला होता. तिच्यावर बोटभर धूळ बसलेली होती. आणि जिथून ती उचलली, तिथली फरशी तेवढ्यापुरती स्वच्छ होती...