गेलेल्या पंपाचा निरोप

"पोहायला जायचं की मासे बघायला?" ढब्बूने विचारलं.

"मासे," बारकी म्हणाली. तिला पोहता येत नव्हतं, आणि ही गोष्ट मामेभावाला सुट्टी संपेपर्यंत कळू नये अशी तिची इच्छा होती.

ढब्बूची आई, म्हणजे बारकीची मामी, माशांची पिल्लं वाढवून विकायची. आज ती खाद्य आणायला गेली होती. जाताना पिल्लं मामाच्या हवाली केली होती आणि मामाने ती आपल्या फोनच्या हवाली केली होती.

पिल्लांच्या शेडमध्ये मुद्दाम अंधार ठेवलेला असे. दार उघडलं आणि बारकी थबकली. काल इथे टाकीतल्या बुडबुड्यांची अखंड गुरगुर होती. आज आवाजच नव्हता. ढब्बूने टॉर्च मारला. सगळी पिल्लं पाण्यावर आली होती. शेकडो इवलाली तोंडं उघडत होती, मिटत होती, जणू सगळी मिळून एकच शब्द म्हणत होती आणि तो ऐकू येत नव्हता.

"हवेचा पंप बंद पडलाय," ती कुजबुजली.

ढब्बूने फोन पाहिला. "चालू आहे म्हणतोय."

"कोण म्हणतोय?"

"पंप."

पडद्यावर हिरवा ठिपका होता. 'मी ठीक आहे. हवा चालू.'

बारकीने पंपाला हात लावला. गार. त्याची वायर भिंतीवरून नुसतीच लोंबत होती. प्लगच्या जागी कुणाचा तरी चार्जर होता. ढब्बूने फोन बंद करून पुन्हा उघडला. 'मी ठीक आहे,' पंप म्हणाला.

बारकीने चार्जर उपटला आणि वायर खोचली. पंप खोकला, गुरगुरला. बऱ्याच वेळाने पिल्लं एकेक करून खाली गेली. काही मात्र उताणी तरंगत राहिली.

"अशक्य," मामा आरामखुर्चीतून म्हणाला. "माझी यंत्रं आपापसांत बोलतात. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला प्रोग्राम आहे, फुकट आणि सगळ्यांना खुला. प्रत्येक यंत्र आपला निरोप एका सामायिक फळ्यावर लावतं. पंप बंद असता तर तो बोललाच नसता."

"बाबा, तिथे तुमचा चार्जर होता."

"चार्जर सगळ्यांचे सारखेच दिसतात."

बारकी गुपचूप शेडमध्ये जाऊन आली. "मामा, टाकीतलं पाणी कसं आहे रे?"

"'योग्य आहे,'" मामाने फोनवरून वाचलं.

बारकीने एक ओलं यंत्र त्याच्या पेपरवर ठेवलं. शेजारी त्याचे सेल ठेवले. "हे पाणी तपासणारं यंत्र."

मामाने यंत्राकडे पाहिलं, मग फोनकडे. 'पाणी योग्य आहे.' त्याने खुर्ची जरा मागे सरकवली.

तो प्रोग्राम लिहिणाऱ्यांचं चर्चेचं पान ढब्बूने उघडलं. दूरच्या कुणीतरी आधीच विचारलं होतं, 'मेलेलं यंत्र बोलतंय, काय करू?' खाली उत्तर होतं. फळ्याला शेवटचा निरोप जपून ठेवायला सांगितलं असेल, तर यंत्र गेलं तरी तो तसाच राहतो. म्हणून प्रत्येक यंत्राने जिवंतपणीच आणखी एक निरोप फळ्याकडे देऊन ठेवायचा. तो फळ्याने यंत्राचा संपर्क तुटल्यावरच लावायचा.

"म्हणजे मृत्युपत्र," बारकी म्हणाली.

"ते पान मी सवडीने वाचणार होतो," मामा म्हणाला.

मामीने परत आल्यावर सगळं ऐकून घेतलं. तिने उताणी पिल्लं जाळीने काढली, तोवर मुलांनी मामाकडून पंपाचं मृत्युपत्र लिहवून घेतलं.

"आता काढा वायर," मामी म्हणाली.

"मी?"

"अहो, तुम्हाला सवय आहे."

मामाने वायर काढली. गुरगुर थांबली. अंधारात सगळे उभे राहिले. पडद्यावर हिरवा ठिपका तसाच होता. एक पिल्लू वर आलं, मग दुसरं. मामीने बारकीचा हात घट्ट धरला.

आणि मामा, मामी, ढब्बू, तिघांचे फोन एकदम वाजले.

'मी गेलो. पिल्लांकडे धावा.'

मामीनेच धावत जाऊन वायर खोचली. मग बराच वेळ ती बुडबुडे ऐकत राहिली.

"या पोरांमुळे माझी पिल्लं वाचली," ती म्हणाली. "अहो, उद्यापासून शेडची किल्ली यांच्याकडे."

"आणि मी?" मामाने विचारलं.

"तुम्ही ठीक आहात," मामी म्हणाली, आणि त्याचा चार्जर पदराला बांधून निघून गेली.