पहिल्या मजल्यावरचा साबण

आधीच सांगते, जेवायचं असेल तर जेवून घ्या, मग ऐका. हे ऐकून पोटात घास उतरत नाही.

आमचं काम तसं सरळ होतं. सुट्टीसाठी आलेले पाहुणे अकराला निघाले की घरात शिरायचं आणि पुढचे पाहुणे तीनला यायच्या आत बाहेर पडायचं. मधल्या चार तासांत चादरी बदलायच्या, भांडी घासायची, न्हाणीघर लख्ख करायचं. आपल्याआधी इथे कुणी झोपलंच नव्हतं असं येणाऱ्याला वाटलं पाहिजे. "आपण म्हणजे खोडरबर, वहिनी," असं माझी नणंद म्हणायची. आम्ही दोघी मिळून अशी सहा घरं करायचो.

त्यातलं धक्क्यावरचं घर सगळ्यात देखणं. जुनी दगडी इमारत, दोनेकशे वर्षांची असेल, आणि पाणी थेट तिच्या पायाला लागलेलं. तळमजला कायमचा बंद. आमचं घर त्याच्या बरोब्बर वर, पहिल्या मजल्यावर. दुपारी उन्हाचे कवडसे पाण्यावरून उसळून छतावर नाचायचे. पाहुणे त्या छताचेसुद्धा फोटो काढायचे. न्हाणीघरात मोठा पांढरा टब, त्याला बाहेरून फरशा लावलेल्या, आणि कडेला दगडी साबणदाणी.

पाहुणे जाताना बरंच काही मागे ठेवून जातात. अर्धी तेलाची बाटली, चहाची पुडी, न उघडलेली बिस्किटं. त्या घराच्या मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, उरलेलं खुशाल न्या. माझा नवरा बोटीवर नोकरीला, सहा सहा महिने बाहेर. घरी आम्ही तिघीच, मी, नणंद आणि सासूबाई. त्यामुळे असलं काहीबाही उपयोगी पडायचं.

असंच एका शनिवारी त्या साबणदाणीत मला साबण मिळाला. वडी म्हणावी असा आकार नव्हता त्याला. मुठीएवढा गोळा, पिवळसर पांढरा. ना कागद, ना नाव, ना वास. कुणीतरी घरी केलेला महागाचा साबण असणार असं समजून मी तो कागदात गुंडाळून आणला.

आता सासूबाईंचं सांगते. चार वर्षं त्या अंथरुणाला खिळलेल्या होत्या. कमरेखाली पाय गेलेले. त्यात अंगाला अशी खाज सुटायची की खाजवून खाजवून दंडावर रक्त काढायच्या. मलमं झाली, तेलं झाली, डॉक्टर बदलून झाले. त्या दिवशी मी त्या साबणाचा फेस करून फडक्याने त्यांचं अंग पुसलं. काय सांगू, लोण्यासारखा दाट फेस! पुसता पुसता त्यांचे डोळे मिटले. चार तास झोपल्या. उठल्यावर माझा हात धरून म्हणाल्या, "मुली, कितीतरी दिवसांनी माझं अंग मला माझं वाटलं गं."

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. सून म्हणून आले तेव्हापासून त्या मला एकही वाकडा शब्द बोलल्या नव्हत्या.

पुढच्या शनिवारी साबणदाणीत पुन्हा तसाच गोळा. त्याच्या पुढच्याही. पाहुणे दर वेळी वेगळे, गोळा मात्र तोच. मालकीणबाई ठेवत असतील, असं म्हणून मी विचार तिथेच सोडला. नणंदही वापरायला लागली. मीसुद्धा. हात कसे मऊ झाले होते! पुढेपुढे त्याला किंचित वास यायला लागला, लोणी शिळं झाल्यावर येतो तसा. पण गरजेला नाक नसतं. असे सात आठवडे गेले.

आठव्या शनिवारी सकाळीच मालकीणबाईंचा फोन आला. "टबातलं पाणी उतरत नाहीये. पाहुणे वासाने हैराण होऊन पहाटेच निघून गेले. प्लंबर पाठवतेय, तू जरा त्याच्यापाशी थांब."

नणंद दुसऱ्या घराला गेली आणि मी धक्क्यावर. दार उघडलं आणि तो वास तोंडावरच आला. सडका नव्हता. सडक्या वासाची आम्हाला सवय असते. हा उबट होता, गोडसर... जवळ झोपलेलं माणूस तोंड उघडं टाकून श्वास सोडतं ना, तसा. सगळ्या खिडक्या उघडल्या तरी हलेना. टबात करड्या रंगाचं पाणी साचलं होतं आणि त्यावर साय धरली होती. चांगली जाड. मी बोट लावलं तर सुरकुतली आणि बोटाला चिकटून वर आली.

साबणदाणीत गोळा होताच. मी सवयीने तो कागदात गुंडाळला आणि खिशात टाकला.

प्लंबर आला. साठीचा माणूस, सगळा धक्का त्याला काका म्हणायचा. आत पाऊल टाकलं आणि नाक वर करून तो दारातच थांबला.

"हा वास कुठून येतोय?"

"टबातून. दुसरं कुठून येणार?"

"नाही..." तो माझ्याकडे बघत म्हणाला. "तुमच्या खिशातून येतोय."

मी गोळा काढून त्याच्या हातात दिला. त्याने तो उजेडात धरला, नखाने जरासा खरवडला आणि झटकन टबाच्या काठावर ठेवला. मग पँटीला हात पुसत राहिला. पुसतच राहिला.

"हा कुणी दिला तुम्हाला?"

"इथेच असतो दर आठवड्याला. मालकीणबाई ठेवतात."

"विचारा त्यांना."

मी फोन लावला. मालकीणबाई म्हणाल्या, "छे गं! मी बाटलीतला साबण ठेवते. वडी मी कधीच ठेवली नाही. कशी आहे? चांगली आहे का?"

मी फोन ठेवला. काका टबाच्या काठावर टेकले आणि खालच्या आवाजात बोलायला लागले.

"माझे वडील होडी चालवायचे. पाण्यात बुडालेली माणसं सापडली की ती या इमारतीत आणून ठेवायचे. इथेच, आपल्या पायाखाली. दगडी ओटे आहेत खाली. ओळखीचं कुणी आलं तर न्यायचं. नाही आलं तर ती तिथेच... कधी कधी महिनोन् महिने. भरतीचं पाणी आत यायचं. मी लहानपणी वडिलांच्या मागे जाऊन एकदा पाहिलं होतं. थंड पाण्यात फार दिवस राहिलेलं माणूस दर वेळी सडतंच असं नाही, बाई. त्याच्या अंगातल्या चरबीचं..."

त्यांनी त्या गोळ्याकडे नुसतं बोट केलं.

डोळ्यांपुढे फक्त सासूबाईंची पाठ दिसत होती, आणि तिच्यावरचा दाट फेस.

"अहो, पण तो वर कसा येईल?" मी कसंबसं म्हटलं.

"ते बघायला हवं. टबाभोवतीची ही भिंत मीच बांधली होती, अकरा वर्षं झाली. तेव्हापासून कुणी उघडलेली नाही. हे बघा, सांधे जसेच्या तसे आहेत."

ते खरंच होतं. मीच दर आठवड्याला ते सांधे ब्रशने घासायचे. एक केससुद्धा जाईल अशी फट नव्हती. काकांनी छिन्नीने दोन फरशा काढल्या, मागची वीट सैल करून ओढली आणि बॅटरी मारून वाकले. वाकले ते पुन्हा वर येईनात.

"काका?"

ते मागे सरकले, भिंतीला धरून उठले आणि बेसिनमध्ये ओकले.

मी बघायला नको होतं. पण बघितलं. टबाच्या खाली, जुन्या दगडी भिंतीतून ते बाहेर आलेलं होतं. पिवळसर पांढरं, गुळगुळीत, फुगून टबाच्या पोटाला टेकलेलं. त्यात केस होते. कापडाचा धागा होता. एके ठिकाणी काहीतरी चपटं आणि गुलाबी रुतलेलं होतं. ते नख होतं. आणि त्याच्या पुढच्या अंगाला, अगदी आपण पिठाच्या गोळ्यातून लाटीएवढं पीठ तोडून घ्यावं तसे खळगे पडलेले होते. ओळीने. मुठीएवढे. मी मोजले, कारण डोळे हलवता येत नव्हते. आठ.

प्रत्येक खळग्यात चार बोटांचे आणि एका अंगठ्याचे ठसे होते. छोटा हात होता... बाईचा.

बंद भिंतीच्या आतल्या बाजूला.

आम्ही दोघं कसे बाहेर आलो ते आठवत नाही. मी पळत घरी गेले. वाटेत दोनदा गटाराशी थांबले. तळव्यांना अजून तोच मऊपणा होता. माझाच हात माझ्या तोंडाजवळ नेववत नव्हता.

घरी आले तर सासूबाई पलंगावर उठून बसलेल्या. चार वर्षांत आधाराशिवाय न बसलेली बाई. मांडीवर तांब्या, हातात मागच्या आठवड्यातला उरलेला तुकडा, आणि कोपरापर्यंत फेस.

"आलीस? आज रिकाम्या हाताने आलीस गं."

"आई, तो टाका. टाका तो हातातला..."

"टाकू कसा? तिला वाईट वाटेल."

"कुणाला?"

"तुझ्याबरोबर येते तिला. दर वेळी दारापर्यंत येते की. ओली आहे ना, म्हणून आत येत नाही बिचारी."

मी मागे वळून पाहिलं नाही. देवाशपथ सांगते, मला ते जमलंच नाही. मी पुढे होऊन त्यांच्या हातातून तुकडा ओढला. ओढताना त्यांचं मनगट घट्ट धरलं. सोडलं तेव्हा माझ्या बोटांचे ठसे तिथे तसेच राहिले. खोल. कातडी वर आली नाही. मी अंगठ्याने हळूच चोळून तो खळगा बुजवायला गेले तर अंगठ्याला पांढरं लागलं.

संध्याकाळी नणंदेला सगळं सांगावं लागलं. ती ऐकत होती. एवढंच म्हणाली, "वहिनी, माझ्या आईला तू..." आणि उठून न्हाणीघरात गेली. बराच वेळ आतून ब्रशचा आवाज येत होता. बाहेर आली तेव्हा तिचे दोन्ही हात सोलवटून निघाले होते. आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मग एका सकाळी माझ्यासाठी चहा ठेवला आणि म्हणाली, "तुला तरी काय माहीत होतं." आम्ही उरलेले सगळे तुकडे गावाबाहेर नेऊन कोरड्या जमिनीत, कमरेएवढ्या खड्ड्यात पुरले. पाण्याच्या जवळपासही नाही. काकांनी ती भिंत पुन्हा बांधून टाकली आणि त्या इमारतीचं काम कायमचं सोडलं. आम्हीही सोडलं.

आई त्यानंतर पाच महिने होत्या. खाज पुन्हा सुटली नाही. कसलीच तक्रार नव्हती. नुसतं कोरडं फडकं फिरवलं तरी ते ओलं व्हायचं, म्हणून आम्ही दिवसातून तीनदा चादर बदलायचो. दोघी मिळून. नव्या डॉक्टरांना दाखवलं तर म्हणाले, घाम आहे. त्या मात्र हसतमुख असायच्या. दाराकडे तोंड करून पडायच्या.

एका सकाळी नऊच्या सुमारास त्या गेल्या. झोपेतच. खोलीत लख्ख ऊन होतं. मृत्यूचा दाखला द्यायला आमच्या गल्लीतले डॉक्टर आले. ते आईंना कधी भेटले नव्हते. त्यांनी चादर बाजूला केली, दंड उचलून पाहिला, पोटावर बोट दाबलं आणि थांबले. मग आवाज खाली आणून विचारलं,

"बाहेर कधी काढलं यांना?"

"कुठून?" नणंदेने विचारलं.

"पाण्यातून."

"अहो, काय बोलताय? माझी आई चार वर्षं या खोलीच्या बाहेर गेलेली नाही!"

डॉक्टरांनी आईंची मिटलेली उजवी मूठ हातात घेतली आणि एकेक बोट सावकाश सरळ केलं. आत नखाएवढा, पांढुरका, एक खेकडा होता. उजेड पडला तसा तो तळहातावरून उतरला आणि चादरीवरून तिरका तिरका चालत पलंगाच्या कडेकडे निघाला.