डाव्या आरशात बघायचं

एकतीस वर्षं मी शाळेची बस चालवली. कानाशी चाळीस पोरांचा कल्ला, बाहेर गुडघाभर बर्फ, तरी एका खांबाला कधी गाडी घासली नाही. तेव्हा मोठी गाडी मागे कशी घ्यायची हे मला कुणी शिकवू नये, असं माझं ठाम मत होतं. जानेवारीतल्या त्या मंगळवारी ऑर्विलकडून विकत घेतलेली घरगाडी आणायला निघालो, तेव्हाही होतंच.

ऑर्विल शेजारच्या गावचा. ऐंशीच्या घरातला, एकटा. बायको, ओपल, दोन वर्षांपूर्वी गेलेली. गाडी मात्र त्याने जपली होती. आत पलंग, शेगडी, न्हाणीघर, खिडक्यांना ओपलने शिवलेले पडदे. थंडीने सगळं गप्प होतं आणि गाडीत देवदाराच्या लाकडाचा वास भरून राहिला होता. किल्ली माझ्या हातात ठेवली तरी म्हातारा ती सोडेना.

"मागे घेताना डाव्या आरशात बघायचं," तो म्हणाला.

"का? उजवा फुटलाय?"

"आरसा चांगलाय. तू आपला डावाच बघ."

वय झालं की माणूस काहीबाही बोलतो, असं म्हणून मी किल्ली खिशात टाकली. घरी व्हर्ना वाट बघत होती.

ही सफर म्हणजे माझ्या बायकोची तीस वर्षांची हौस. शाळेच्या वाचनालयात नोकरी करता करता तिने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात राष्ट्रीय उद्यानांची कात्रणं जमवली होती. झायनचे लाल कडे, यलोस्टोनची उकळती कारंजी, ग्लेशियरची तळी. 'निवृत्त झालो की जाऊ', 'निवृत्त झालो की जाऊ', असं करत करत एकदाचे निवृत्त झालो, आणि एका सकाळी व्हर्नाने कॉफीचं भांडं कपड्यांच्या कपाटात नेऊन ठेवलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. ते मी घरात उच्चारत नाही. एखाद-दुसरा चांगला उन्हाळा हाताशी आहे, म्हणाले. एक तर नक्की.

म्हणून हाच उन्हाळा. ती मला ओळखतेय तोवर तिला तिचे डोंगर दाखवायचे. दुसरं काही मला नको होतं.

आमची मुलगी जनेल फोनवर कडाडली. "बाबा, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? आई घरातल्या घरात हरवते!"

"मग मी घरच बरोबर नेतोय की."

"विनोद पुरे. त्या धुडाच्या मागे उभं कोण राहणार? आई?"

पोरगी वकील आहे. नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवते.

आमच्या घरगाडीवाल्यांची रीतच आहे ती. मुक्कामाच्या तळावर दोन झाडांच्या मधली जागा मिळते. एकाने गाडी मागे घ्यायची, दुसऱ्याने मागे उभं राहून हातवारे करायचे. या हातवाऱ्यांपायी चाळीस-चाळीस वर्षांचे संसार तळावर कडाकडा भांडताना मी पाहिलेत. नियम एकच. आरशात आपलं माणूस दिसतंय तोवर गाडी हलवायची, दिसेनासं झालं की ब्रेक.

मी व्हर्नासाठी पिवळंजर्द जाकीट आणलं आणि सरावाला चर्चच्या आवारात गेलो. रविवार सोडला तर तिथे चिटपाखरू नसतं.

"यात मी रस्ता खोदणारी दिसतेय," ती म्हणाली.

"गोड दिसतेस."

"खोटारडा मेला!"

पण काय सांगू, उभी राहिली ती अशी, की जणू वीस वर्षं गळून पडली. "ये... ये... ये... बास!" एकदा, दोनदा, तीनदा. मला केवढा आनंद झाला. चौथ्या वेळी, माझा स्वभावच आडमुठा, मी मुद्दाम उजव्या आरशात बघितलं. तिथे पिवळं जाकीट होतं. निवांत हात हलवत मला बोलावत होतं. मी मागे येत राहिलो. गाडी पांढऱ्या पट्ट्यांच्या मधोमध अशी बसली की वा!

शाबासकी द्यायला खाली उतरलो तर मागे कुणी नाही. व्हर्ना समोर, चर्चच्या पायरीवर बसली होती.

"कधीची इथेच आहे," ती म्हणाली. "थंडी वाजायला लागली मला. तू एकटाच काय करत होतास?"

उजव्या बाजूचा बर्फ मी बघितला. त्यावर एकही पाऊल उमटलं नव्हतं. म्हातारपणी डोळे दगा देत असतील, असं स्वतःला बजावलं आणि घरी येऊन दोन वाट्या सूप प्यायलो. जनेलला अर्थातच बोललो नाही.

फेब्रुवारीच्या सुरुवातीची गोष्ट. दिवस कलत आला होता, सगळीकडे राखाडी उजेड. गाडी अंगणात लावायची होती.

"कुठे उभी राहणार?" मी विचारलं.

"डावीकडे. किती वेळा विचारशील? मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

गाडी चालू केली. हळूहळू मागे सुटलो. डाव्या आरशात पिवळं जाकीट होतं. दोन्ही हात वर... थांब. उजव्या आरशात बघितलं. तिथेही पिवळं जाकीट. तोच चेहरा, तेच पांढरे केस कानामागे खोचलेले. आणि हात मला बोलावतोय. ये... ये... पोरीला जेवायला हाक मारायची ना ती, अगदी तस्सा.

त्रेचाळीस वर्षं संसार केला मी त्या बाईशी. त्या घटकेला यातली माझी कोणती, ते मला सांगता येईना.

इंजिनाखेरीज कसलाही आवाज नव्हता. उजवीकडची हसत होती. खरं सांगतो, माझा पाय ब्रेकवरून सुटत होता. तिच्या हसण्यात असं काही होतं, की वाटावं, जावं. मग म्हाताऱ्याचे शब्द आठवले. मी ब्रेक दाबला, गाडी बंद केली आणि खाली उडी मारली.

डावीकडे कुणी नव्हतं. उजवीकडेही नव्हतं. व्हर्ना मागच्या चाकाच्या मागे जमिनीवर उकिडवी बसली होती. चाक आणि तिचं डोकं यांत एका वितीचं अंतर असेल, नसेल.

"हातमोजा पडला माझा," ती म्हणाली. "झाली का लावून?"

मी तिथेच बर्फात तिच्या शेजारी बसलो आणि हमसून हमसून रडलो. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "असू दे रे, जमेल तुला हळूहळू."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ऑर्विलच्या दारात उभा राहिलो. तोंडात शिव्या तयार होत्या. त्याने माझ्याकडे नुसतं बघितलं.

"दोघी दिसल्या?"

"...हो."

"मला तेव्हा एकच दिसली होती. उजवीकडची. ओपल चाकामागे वाकून पायपुसणं झटकत होती. आणि आरशात मला हात करून बोलावतही होती. मी नियम पाळला रे. दिसत होती, म्हणून गाडी हलवली."

त्याला शिव्या द्यायचं राहूनच गेलं.

"मग डावीकडची कोण?"

"ती नंतर दिसायला लागली. ओपलच असणार. दुसऱ्या कुणाची वेळ येऊ नये म्हणून उभी राहत असेल बिचारी." तो दाराच्या चौकटीला टेकला. "असं मी धरून चाललोय. खरं काय ते मलाही नाही ठाऊक, हार्लन. चेहरा दोघींचा एकच असतो."

गाडी विकायची असं ठरवून घरी आलो. स्वयंपाकघरात व्हर्ना नकाशा पसरून बसली होती. "आज निघायचं ना?" रोज सकाळी ती हेच विचारायची. तिच्या डोक्यातून एकेक करून सगळं निघून चाललं होतं. पोरीचा वाढदिवस, आमची गल्ली, काल काय जेवलो ते. ही सफर तेवढी चिकटून राहिली होती. ती काढून घ्यायला माझा हात धजेना.

मग मी एक शक्कल लढवली. गाडी मागे घ्यायचीच नाही! प्रत्येक तळावर थोड्या जागा आरपार असतात. एका बाजूने आत शिरायचं, दुसऱ्या बाजूने बाहेर पडायचं, मागे यायचं कामच नाही. सगळ्या राती तशाच जागांवर. आरसे गेले खड्ड्यात.

सहा महिने आधी, सकाळी आठच्या ठोक्याला संगणकावर जागा खुल्या होतात आणि दोन मिनिटांत संपतात. महिनाभर मी घड्याळ लावून उठत होतो. झायन झालं, ब्राइस झालं, आर्चेस, यलोस्टोन, सगळं आरपार. राहिलं होतं फक्त ग्लेशियर, शेवटचा मुक्काम.

ते आज सकाळी करायचं होतं. घड्याळ वाजलंच नाही. जाग आली तेव्हा सव्वाआठ झाले होते आणि स्वयंपाकघरातून कॉफीचा वास येत होता.

व्हर्ना संगणकापुढे बसली होती. पिवळं जाकीट घालून. गेल्या रविवारी तिला जनेलचं नाव आठवलं नव्हतं, आणि आता तिने एक छापलेला कागद माझ्यापुढे धरला. चेहऱ्यावर असा उजेड, की कितीतरी दिवसांत मी तो पाहिला नव्हता.

"मी केलं, हार्लन! एकटीने!"

मी कागद वाचला. जागा मागे घेऊन लावायची होती. माणसं, तीन.

"व्हर्ना... इथे गाडी मागे घ्यावी लागेल गं."

"माहितीये मला. सगळ्यात सुंदर जागा आहे ती. मागे लगेच तळं."

"आणि हे तिसरं माणूस कोण?"

"ती नाही का, आपल्या गाडीमागे उभी असते ती. तीच म्हणाली, हीच घे, मी दाखवीन हात."

खुर्ची ओढून मी तिच्यासमोर बसलो आणि अगदी हळू विचारलं, "कोणती गं? डावीकडची, की उजवीकडची?"

व्हर्नाने दोन्ही हात टेबलावर पसरले. एका हाताकडे बघितलं. मग दुसऱ्याकडे. पुन्हा पहिल्याकडे.

"थांब हं," ती म्हणाली. "सांगते."