निषेधकुपी

केंटकीतल्या आपल्या प्रयोगशाळेत डॉ. वैदेही ढवळीकरने शीतपेटीतून एक पांढरी गोळी काढली आणि फिरोजच्या तळहातावर ठेवली.

"ही घे. सहल संपेपर्यंत कितीही बर्बन व्हिस्की चाख, सकाळी डोकं दुखणार नाही."

डॉ. फिरोज तांबोळी यकृताचा डॉक्टर होता. त्याने गोळी उजेडात धरून पाहिली. "आत काय आहे?"

"माझे मद्यशामक जिवाणू. दारू पोटात गेली की यकृत तिचं आधी अॅसिटाल्डिहाइड करतं, बरोबर?"

"हो. विषच ते. डोकेदुखी, मळमळ, सगळी त्याचीच देणगी."

"हे जिवाणू आतड्याच्या अस्तरात राहतात आणि रक्तातलं ते विष खाऊन टाकतात. गेलं वर्षभर माझ्या पोटात सुखाने नांदतायत."

"परवानगी मिळाली?"

"अजून नाही. तक्रार करणार आहेस?"

फिरोजने हसत गोळी गिळली.

बाहेर गाडीपाशी श्रीरंग लोंढे वाट पाहत होता. तिघे मिरजेच्या एकाच शाळेतले; वैदेहीबरोबर बर्बनच्या डिस्टिलऱ्या बघायला ते दोघे भारतातून आले होते. श्रीरंग ऊर्ध्वपातनाचे मनोरे उभारणारा अभियंता होता. एके काळी दारूने त्याची नोकरी घेतली होती आणि संसारही मोडत आणला होता. मग फिरोजनेच त्याच्या दंडात कातडीखाली निषेधकुपी बसवली. कुपीतून रोज किंचित औषध रक्तात झिरपे. ते अॅसिटाल्डिहाइडचं विघटन रोखून धरत असे. घोटभर दारू घेतली, तरी विष साचून माणूस लालबुंद होणार, छाती धडधडणार, ओकून बेजार होणार. पहिल्याच महिन्यात श्रीरंगने एकदा ते अनुभवलं. त्यानंतर त्याने थेंबालाही हात लावला नव्हता.

"डिस्टिलरीत यायची हिंमत या कुपीनेच दिली," तो गाडीत दंड थोपटत म्हणाला. "तुम्ही चाखा. मी तांब्याचे मनोरे बघतो."

आणि त्याने ते डोळे भरून पाहिले. पहिल्या डिस्टिलरीत मक्याच्या आंबवलेल्या लगद्याच्या हौदावर वाकून त्याने वास घेतला, मार्गदर्शक बाईंना वाफेच्या दाबाबद्दल इतके प्रश्न विचारले की त्या दमल्या. जळक्या ओकच्या पिंपांच्या कोठारात तर तो लहान मुलासारखा हरखला होता. दुपारी चाखण्याच्या दालनात वैदेही आणि फिरोज पेल्यात नाक घालून व्हॅनिला आहे की कारमेल यावर वाद घालत होते. बाईंनी सगळ्यांसमोर चॉकलेटचं तबक धरलं. श्रीरंगने दोन चॉकलेटं तोंडात टाकली.

"आमची खास आहेत," बाई म्हणाल्या. "आत बर्बन भरलेली."

फिरोज ताडकन उठला. श्रीरंगचा चेहरा पांढराफटक पडला. फिरोजने त्याला बाहेर ओसरीवर आणून बसवलं आणि नाडी धरली. तिघे वाट पाहत राहिले. काहीच झालं नाही. चेहरा लाल झाला नाही, ठोके वाढले नाहीत.

"अगदी थोडी असेल," श्रीरंग सुस्कारा सोडून म्हणाला आणि तोंड धुवायला गेला.

"थोडी नव्हती," फिरोज पुटपुटला. "कुपी तर गेल्याच महिन्यात बदलली. मग?"

वैदेहीच्या लक्षात आलं. "माझे जिवाणू. कुपी विष साचवते, ते खाऊन टाकतात. तुम्ही आल्यापासून आपण तिघे एकाच ताटलीत जेवतोय. त्याला लागण झाली, फिरोज."

"प्रतिजैविक देऊ."

"मरतील. पण आपल्याबरोबर जेवला की पुन्हा होतील. त्याला सांगायला हवं."

"अजिबात नाही. वैदेही, त्याची निम्मी ताकद त्या कुपीवरच्या विश्वासात आहे. आधी उपचार करू, सांगायचं ते नंतर."

"मला त्याच्याकडे बघवणार नाही."

"मग तुला सांगायचंय ते त्याच्यासाठी की तुझ्यासाठी?"

श्रीरंग परत आला तेव्हा वैदेहीच्याने राहवेना. तिने सगळं सांगून टाकलं, रडत माफी मागितली. श्रीरंगनेच तिची समजूत काढली. "अगं, मुद्दाम केलंस का?" असंही म्हणाला. तिला हलकं वाटलं.

गाडीत तो दंडावरच्या त्या बारीक उंचवट्यावरून सारखा अंगठा फिरवत होता. पुढच्या डिस्टिलरीत मार्गदर्शकाने पेले मांडले, तेव्हा श्रीरंगने त्यातला एक उचलला. फिरोजने त्याचं मनगट धरलं. श्रीरंगने ते हळूच सोडवून घेतलं आणि पेला रिकामा केला. मग वैदेहीचाही.

मिरजेला परतल्यावरही तो प्यायचा थांबला नाही. प्रतिजैविकं घेईना, फिरोजचे फोन उचलेना. त्याची बायको ज्योत्स्ना माहेरी निघून गेली.

वैदेहीने प्रयोग बंद केले. जिवाणू कसे पसरतात याची नोंद तरी जगापुढे ठेवावी, म्हणून तिने सहलीच्या शेवटी घेतलेले तिघांचे नमुने जनुकघड्याळाला लावले. जिवाणूंच्या प्रत्येक पिढीत जनुकांत बारीक बदल साठतात. ते मोजले की एक शाखा दुसरीपासून कधी फुटली ते कळतं. फिरोजचे जिवाणू त्या सहलीतलेच निघाले. श्रीरंगच्या जिवाणूंत मात्र कितीतरी जास्त बदल होते. तिने पुन्हा मोजणी केली. उत्तर तेच.

त्यांची शाखा दिवाळीत फुटली होती. दिवाळीत ती मिरजेला श्रीरंगकडे राहिली होती, त्याच्या ताटातल्या करंज्या तिने उचलून खाल्ल्या होत्या. म्हणजे केंटकीला येण्याआधी सहा महिने कुपी निकामी होती. त्या सहा महिन्यांत लग्नं झाली, मेजवान्या झाल्या, आणि कुपी चालते या नुसत्या विश्वासावर श्रीरंग प्याला नव्हता. जिवाणूंनी त्याचं काहीच बिघडवलं नव्हतं. बिघडवलं ते तिने ओसरीवर बोललेल्या शब्दांनी.

फिरोजला न विचारताच तिने फोन लावला. या वेळी श्रीरंगने उचलला. मिरजेत सकाळ होती, तरी त्याची जीभ जड झाली होती. तिने त्याला घड्याळाचं गणित सावकाश समजावून सांगितलं.

"म्हणजे त्या दिवाळीपासून," शेवटी तो म्हणाला, "मला कुणीच अडवत नव्हतं?"

"कुणीच नाही. तू स्वतःच उभा होतास."



"मग मी बरा झालो होतो, वैदेही?"

"हो," ती म्हणाली.