स्विचपासून दिव्यापर्यंत

वीस पालकांसमोर कुणी माझी चूक काढली, तर मला राग येणारच. का येऊ नये?

वासण्यातल्या आमच्या फिजिक्सच्या क्लासचा पालकदिन होता. मी फळ्यावर गणित मांडलं – तारेतला इलेक्ट्रॉन गोगलगायीपेक्षाही हळू सरकतो, भिंतीवरच्या स्विचपासून दिव्यापर्यंत पोचायला त्याला आठ तास लागतील. तेवढ्यात मागून आवाज आला, "मॅडम, घरातल्या तारेत तो पोचतच नाही. एसी करंट असतो. जागच्या जागी मागेपुढे हलतो नुसता."

हा अनीश दिघे. माझ्या विद्यार्थिनीचा, कांचनचा मामा. कोयलीच्या रिफायनरीत इलेक्ट्रिकल इंजिनिअर. त्याचं बरोबर होतं, संताप त्याचाच. मी खडू पुढे केला. "मग दिवा लागतो कसा, ते तुम्हीच सांगा."

"तारेत सगळीकडे इलेक्ट्रॉन आधीपासूनच असतात ना... दिव्याजवळही. बटण दाबलं की सगळे जवळजवळ एकदमच हलतात." एवढं बोलून तो चक्क लाजला.

त्यानंतर सहा महिने, दर गुरुवारी हा माणूस कांचनला न्यायला यायचा. कांचन आपली स्कूटी घेऊन कधीच निघून गेलेली असायची, तरी हा थांबायचा. एक शंका विचारायचा, माझ्याकडे बघत राहायचा, मग "बरं... येतो," आणि परत कोयली.

काल खंडेराव मार्केटात भेटला. माझी पिशवी न विचारता हातात घेतली. शेवटी मीच सांगितलं, "रविवारी पुण्याची मंडळी मला बघायला यायचं म्हणतायत. आई आज त्यांना हो कळवणार आहे."

तो वांगी निवडत राहिला. "अच्छा... छान."

छान? रागानं माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "तुम्हीच ते एसीतले इलेक्ट्रॉन. कोयली-वासणा, वासणा-कोयली. सहा महिने जागच्या जागी."

भाजीवाल्या गुजराती बेन हसल्या. "हवे तो बोलो, साहेब." आता तरी बोला म्हणे.

"मी पालकदिनापासून तिथेच आहे हो... तुमच्याजवळ," तो हळूच म्हणाला. "वाट बघत होतो, तुम्ही बटण दाबाल म्हणून."

"म्हणजे तेही मीच करायचं?" मी तिथल्या तिथे आईला फोन लावला. "आई, पुण्याला नाही कळव. का, ते हे सांगतील." आणि फोन त्याच्या कानाला टेकवला.

एक क्षणही गेला नाही. "काकू, नमस्कार. अनीश दिघे बोलतोय. मला मोहनाशी लग्न करायचंय. रविवारचे पोहे खायला मीच येऊ का?"

एवढंच बोलायचं होतं, आणि सहा महिने लागले. माझा राग अजून गेलेला नाही. पिशवी मात्र मी त्याच्याकडून परत घेतली नाही.