मोटेचं अर्धं गाणं

ही घडलेली गोष्ट आहे. ती कुणाला पटवत बसायचा उत्साह आता माझ्यात उरलेला नाही. जिच्यामुळे माझी झोप उडाली ती ही एकच गोष्ट, आणि ती घडली माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत. भगवंतराव त्यांचं नाव. थापा मारायची हौस त्या माणसाला कधीच नव्हती.

यात रात्र नाही. अमावस्या नाही.

जे झालं ते भर दुपारी, चैत्रातल्या उन्हात, मेहकरला. साल १९६७.

मामा शाळेत चित्रकला शिकवायचे. शाळेच्या वरच्या मजल्यावर संस्थेने दोन खोल्यांत वस्तुसंग्रहालय काढलं आणि ते मामांच्या गळ्यात मारलं. सुट्टी आली की मामा एसटीने निघायचे. गावोगाव हिंडून जुन्या वस्तू गोळा करायचे. घरी परतल्यावर मामी पाणी द्यायची, तेव्हा पेला धरायचंही त्राण नसायचं.

हिंडण्याने माणूस इतका दमत नाही. मामा दमले होते उशिरा पोचून पोचून.

जातं मिळायचं, पण त्यावर ओव्या म्हणणारी म्हातारी गेल्या महिन्यात गेलेली असायची. डफ मिळायचा, तो वाजवणारा नसायचा. "मी नुसती भांडीकुंडी गोळा करून राह्यलो," मामा म्हणायचे. "जे ठेवायला पाहिजे ते ठेवताच येत नाही."

अशीच एक मोट त्यांना सुलतानपूरला मिळाली. उकंडराव नावाच्या शेतकऱ्याने विहिरीवर इंजिन बसवलं आणि मोट, तिचा जाड दोर म्हणजे नाडा, लाकडी चाक, सगळं मामांना देऊन टाकलं. मामांनी ते चाक संग्रहालयात एका चौकटीवर चढवलं.

ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोट म्हणजे विहिरीतून पाणी काढायची चामड्याची मोठी पिशवी. बैल उतारावरून पुढे चालले की ती भरून वर येते. मग बैलांनी उलट्या पावलांनी विहिरीच्या काठापर्यंत मागे यायचं, की मोट पुन्हा खाली जाते.

बैलांना डोळ्यांनी विहीर दिसत नसते. तरी ते मागे येतात.

गाण्यावर येतात.

उकंडरावांच्या मोटेवर ते गाणं म्हणायचा त्यांचा सालदार, जानराव. तो पौषातच वारला होता. मामा पुन्हा उशिरा पोचले होते.

पण जानरावची बायको होती. वच्छलाबाई.

मामा संस्थेचा टेपरेकॉर्डर खांद्याला लावून तिच्या दारात गेले. अंगणातल्या गोठ्यात एकच म्हातारा बैल बांधलेला होता, पवळ्या. त्याचा जोडीदार आधीच मेलेला. उकंडरावांनी हा तिच्याकडेच राहू दिला होता.

"गानं येते मले," वच्छलाबाई म्हणाली. "सारा जलम आयकलं. पन मास्तर, ते अर्धं हाये."

"अर्धं कसं?"

"गान्यानं बैल मांगं येते. काठावर आला का त्याले थांबवा लागते. त्याच्यासाठी ते एक आवाज काढत. हलकासा, बैलापुरता. म्या तिकडं दूर पानी वळवत राहायची. माह्यापर्यंत तो आवाज कधी आलाच नाही."

"मग येतं तेवढं म्हणा, बाई. तेवढं तरी राहील."

"काऊन म्हनू? थांबवनारा नसला तं मांगं बलावू नाही कोनाले."

दुसऱ्या कुणी असतं तर उठून गेलं असतं. मामा उठले नाहीत. ते म्हणाले, "मी लई थकलो, बाई. प्रत्येक घरून रिकामा जातो. तुमच्या घरून नका पाठवू."

वच्छलाबाईला त्यांची कीव आली असावी. तिने आधी पवळ्याला दोराऐवजी साखळीने बांधलं. मग उंबऱ्यावर बसली. मामांनी यंत्र सुरू केलं.

मांगं ये रे पवळ्या, मांगं ये रे राजा,
हिरीमंदी पानी थंड, तहानला मळा माझा…

पवळ्याने रवंथ थांबवला.

कान मागे वळवले.

आणि एक पाऊल मागे टाकलं… मग दुसरं…

साखळी ताणली गेली. गाणं संपलं. मामांनी यंत्र बंद केलं.

पवळ्या थांबला नाही.

खुर मातीत घासत तो मागेच रेटत राहिला. गळ्यातली साखळी कातडीत रुतली. डोळे मात्र शांत होते, आणि मामांना तेच बघवेना.

"आता?" मामांनी विचारलं.

"आता काय. थकल तवा थांबल."

दिवेलागणीला शेवटची एसटी आली तेव्हाही गोठ्यातून खुरांचा आवाज येतच होता.

पुढच्याच आठवड्यात सिंधूताई नावाच्या बाई सकाळची शाळा सुटल्यावर सहावीच्या मुलींना संग्रहालय दाखवायला वर घेऊन आल्या. डोक्यावर ऊन. खोलीच्या मागच्या अंगाला गच्ची. उकाड्यामुळे तिचं दार सताड उघडं होतं. त्या गच्चीला कठडा नव्हता. मंजुरी यायची होती.

मुली चाकाभोवती उभ्या राहिल्या. मामांनी टेप लावली आणि कोपऱ्यातल्या माठातून पाणी प्यायला वळले. त्यांना फार बरं वाटत होतं. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा एक गाणं त्यांच्या हाती लागलं होतं, आणि मुली ते कान देऊन ऐकत होत्या.

मांगं ये रे पवळ्या…

तेवढ्यात चाक कुरकुरलं.

चाकावर नाडा नव्हता. हात कुणी लावला नव्हता. तरी ते कुरकुरलं, ओझं आल्यावर कुरकुरतं तसं…

मग मामांच्या लक्षात आलं की मुलींची कुजबुज बंद झाली आहे.

ते वळले.

चाकाभोवती कुणीच नव्हतं.

सगळ्या मुली मागे चालल्या होत्या. सिंधूताईसुद्धा. तोंडं चाकाकडे, पाठ गच्चीकडे. कुणी कुणाला धक्का देत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. सगळ्यांचे डोळे पवळ्यासारखे शांत होते. पहिल्या काही जणी दारातून गच्चीवर गेल्याही होत्या.

मामांनी झडप घालून यंत्र बंद केलं.

टेपच्या चकत्या थांबल्या.

गाणं थांबलं नाही…

मामांनी हाका मारल्या. एकीनेही मान वळवली नाही. मग ते दाराकडे धावले, म्हणजे धावायला गेले. पाय उचलला तो पुढे पडेना. मामा स्वतःच मागे, मुलींपासून लांब, सरकत होते. त्यांना रडू आलं. आपण लेकरांना मारलं, एवढंच डोक्यात होतं.

गच्चीच्या टोकाशी एक मुलगी पोचली होती. तिची टाच बाहेर होती.

आणि मामांच्या घशातून एक आवाज निघाला.

तो कसा होता ते मला लिहिता येत नाही. मामांनाही सांगता आलं नाही. शब्द नव्हता तो. हलकासा होता, बैलापुरता. मामांनी तो कधी ऐकलेला नव्हता.

सगळ्या जागच्या जागी थांबल्या.

त्या मुलीच्या पायातली चप्पल तेवढी खाली पडली. क्षणभराने चप्पल अंगणात आपटल्याचा आवाज आला.

मुलींना काहीच आठवत नव्हतं, सिंधूताईंनाही नाही. सिंधूताई त्या मुलीला गच्चीवर गेली म्हणून रागे भरल्या आणि सगळ्यांना घेऊन खाली उतरल्या.

दुसऱ्याच दिवशी मामा टेप परत करायला सुलतानपूरला गेले. वच्छलाबाई उंबऱ्यावरच बसलेली होती. मामांनी तोंड उघडायच्या आत ती बोलायला लागली.

"काल दुपारी पवळ्यानं साखळी तोडली, मास्तर. पाठमोरा गेला थेट हिरीवर. म्या मांगं पयत गेली. वाटलं, गेला आता. तं काठावर थांबला. तो आवाज आला ना." तिने पदर डोळ्यांना लावला. "उभ्या जलमात पयल्यांदा आयकला म्या. त्यायचाच व्हता."

तो कुणाच्या घशातून निघाला होता, हे मामांनी तिला सांगितलं नाही. त्यांनी टेप पुढे केली.

"तुमच्यापाशीच राहू द्या," ती म्हणाली.

"हे ठेवण्यासारखं नाही, बाई. मी जाळून टाकतो."

"जाळू नका, मास्तर." ती घाबरली. "तुमी गानं घेऊन गेले त्या दिवसापासून ते माह्या तोंडातून गेलं. एक ओळ आठवत नाही मले. आता ते तुमच्याजवळच हाये. दुसऱ्या कोनाजवळच नाही."

मामा टेप घेऊन परत आले. काय करणार होते? जाळावी तर गाणं कायमचं जातं. त्यांनी ती पेटीत घालून कुलूप लावलं.

पण चैत्र लागला की भर दुपारी चाक कुरकुरतं.

टेप पेटीतच असते. यंत्र कधीचंच बिघडलं आहे. तरी चाक कुरकुरतं, आणि मग खोलीत जो कुणी असेल तो मागे, गच्चीकडे, सरकायला लागतो. कठड्याची मंजुरी अजून यायचीच आहे. संस्थेला सांगून पाहिलं. गच्चीचं दार बंद करा, म्हणाले. दार बंद केलं तर ती माणसं पवळ्यासारखी दाराला रेटत राहतात, मामांनी पाहिलं आहे. म्हणून चैत्रातली प्रत्येक दुपार मामा चाक आणि गच्चीच्या मध्ये स्टूल टाकून बसतात. वेळ आली की आवाज आपोआप येतो. एरवी कितीही प्रयत्न केला तरी येत नाही. निवृत्त झाले, तरी जातात. पवळ्या मेला, वच्छलाबाई गेली, तरी जातात.

गेल्या दिवाळीत मामांच्या घशाचं ऑपरेशन झालं. आता नुसती हवा निघते. बोलणं समजायला कान तोंडाशी न्यावा लागतो.

होळीला ते आमच्याकडे डोणगावला आले होते. जेवले नाहीत. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "ह्या चैत्रात तू ये. नुसतं बसायचं आहे. शिकावं लागत नाही काही."

मी बघतो म्हणालो.

चैत्र लागून आठवडा होत आला. मी गेलेलो नाही. भीती वाटते, दुसरं कारण नाही. मी तिथे बसलो आणि माझ्या घशातून आवाज आलाच नाही तर? आणि आला, तर मग मलाही मरेपर्यंत तिथेच बसावं लागेल.

आत्ता दुपार आहे. मामा स्टुलावर बसले असतील.

मेहकरची शाळा आजपासून सकाळची झाली आहे. मुली आता सुटतील…

आणि ऊन फार आहे म्हणून वर संग्रहालयात सावलीला येतील.