अळंबीची जागा

खोटं वाटत असेल त्यानं आमच्या बेस्किडच्या डोंगरात येऊन विचारावं. एक नोव्हेंबरची, मृतांच्या आठवणीच्या दिवसाची संध्याकाळ होती. सगळं गाव कबरींवर दिवे लावून नुकतंच घरी परतलं होतं.

माझ्या नवऱ्याला, विटोल्डला, जाऊन महिना झाला होता.

तो जंगलखात्यात होता. लागवडीतल्या स्प्रूसच्या बुंध्याशी मधाच्या रंगाची अळंबी उगवली, की मुळं कुजली समजायचं. मग तो कुऱ्हाडीनं बुंधा ठोकून बघायचा आणि निळ्या रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपका पडला की झाड तोडायचं.

जे झाड त्याच्यावर कोसळलं, त्याच्या बुंध्याशी अळंबी दिसत नव्हती. म्हणून तर तो तिथे निवांत डबा खायला बसला.

मी नंतर जाऊन पाहिलं...

पाल्याखाली देठ होते. सुरीनं कापलेले.

त्या संध्याकाळी सासूबाई चुलीवर अळंबीच परतत होत्या.

"आई, कुठून आणता हो ही?"

"जागा कुणी सांगतं का गं? फॉरेस्टवाल्यांना कळलं तर झाडंच तोडतील मेले. पोटच्या पोरालासुद्धा नाही सांगितली मी!"

हसत म्हणाल्या. हसत!

"त्यातलंच एक पडलं त्याच्यावर."

"काहीतरीच बोलू नकोस. वारा सुटला होता."

"पानसुद्धा हलत नव्हतं, आई."

तेवढ्यात...

ठक्.

लाकडी भिंतीवर. बाहेरून, अगदी खाली.

ठक्... ठक्... घराला फेरी घालून आवाज दाराशी आला.

आणि थांबला.

"कोण तडफडलंय तिकडे?" सासूबाई कोट चढवून बाहेर गेल्या आणि लगेच परतल्या. "कुणी नाही. पण पाठीला ओलं लागलंय. बघ गं, काय आहे?"

मी पाहिलं.

"ठिपका आहे."

"कसला?"

"निळा."

त्यांनी कोट ओढून फेकला. आत स्वेटरवर ठिपका. त्याच्या आत ब्लाउजवर. त्याच्याही आत... कातडीवर.

"चुकले रे विटोल्ड! सगळ्या जागा सांगते तुला!" ओरडत त्या अंगणात धावल्या.

मग झाड कोसळल्याचा आवाज आला. फांद्या मोडल्या, जमीन हादरली, ताटल्या खाली पडल्या.

आमच्या अंगणात एकही झाड नाही.

डॉक्टर म्हणाले, पायरीवरून पडल्या. पाठीच्या कण्याचा चुरा झाला होता. आमच्या दाराला पायरी एकच आहे, तीसुद्धा वीतभर.

मी "काही नाही लागलं" म्हणाले असते, तर त्या घरातच बसल्या असत्या. हे मला कळतं. झोप लागत नाही, भिंतीला पाठ टेकवत नाही.

पण आज येऊन त्यांनी पुन्हा विचारलं, तरी मी रंग खराच सांगेन.